वेलिंग्टनला निघालेल्या लेकीस

चि. सुमेधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या व्हिसाचे काम झाल्याचे कळले आणि फार आनंद झाला. इंग्रजी चांगले येते, त्यामुळे न्यूझीलंडमध्ये आपले काही अडणार नाही, असे तू परवा म्हणालीस. व्यवहार अडणार नाही हे खरेच. पण ब्रिटिशांच्या आधी कित्येक शतके जिथे माओरी लोक नांदत होते आणि 1987 पासून ज्यांची भाषा तिथे राजमान्य आहे, तो देश केवळ इंग्रजीच्या जोरावर उमजेल, असे मला वाटत नाही.

6 फेब्रुवारी 1840 रोजी वायतांगी येथे माओरी प्रमुखांनी ब्रिटिश राजसत्तेशी करार केला. त्यात जमिनीची हमी होती, तरीही पुढे युद्धे झाली, लाखो एकर जमीन सरकारजमा झाली, आणि या तक्रारींची रीतसर दखल घेणारे न्यायाधिकरण स्थापन व्हायला 1975 साल उजाडावे लागले. अशाच एका दाव्याच्या तडजोडीतून 2017 मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. तिथे जाण्यापूर्वी हा इतिहास तू मुळातून वाचावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तू जिथे राहणार आहेस त्या शहराला ज्याचे नाव आहे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्लीच. आपल्या खंडाळ्यावरून नाव पडलेले एक उपनगरही त्या शहरात आहे. तेव्हा आपण अगदीच परक्या मुलखात चाललो आहोत, असे मानू नकोस.

माओरींच्या सभास्थानाला 'मराए' म्हणतात. तिथे जाण्याचा योग आला, तर फाटकापाशी थांबावे. आतून एखाद्या स्त्रीची लांबलचक हाक आली, की मगच सर्वांसोबत सावकाश पुढे व्हावे. सभागृहात शिरताना जोडे बाहेर काढतात, हे तुला सांगायला नको. मात्र जेवणाच्या टेबलावर बसणे तिथे गैर मानतात, आणि आपल्याकडची मुले सर्रास बसतात, म्हणून मुद्दाम लिहितो. स्वागत करणारे नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून भेटतात, कारण त्यातून दोघांचा श्वास एक होतो असे ते मानतात. त्या वेळी संकोचून मागे सरू नकोस.

त्यांची स्वतःची ओळख करून देण्याची रीत मला सर्वांत भावते. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आपले कूळ, आणि स्वतःचे नाव बहुधा शेवटी. तुझ्यावर तशी वेळ आली, तर अजिंठ्याची रांग आणि कुंडलिका नदी अवश्य सांग. त्यासाठी कुंडलिका कुठून येते आणि कुठे मिळते हे आधी नीट माहीत करून घे, कारण कोणी आस्थेने पुढचा प्रश्न विचारला, तर उत्तर देता आले पाहिजे. आई आशीर्वाद सांगते. पोहोचल्यावर सविस्तर लिही.

तुझे,
बाबा