छंदाच्या विमानांना मैदान मिळावे

महोदय,

जुन्या आराखड्यांवरून बाल्सा लाकडाची, रेडिओ नियंत्रणावर उडणारी विमाने बांधणारे आम्ही काही जण नागपुरात आहोत. पंखाच्या फासळ्या कापून, घासून जुळवायच्या, त्यांवर पातळ रेशीम ताणून डोपचे (कापड घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या द्रावणाचे) हात द्यायचे, की ते ढोलकीच्या पानासारखे घट्ट बसते. मिथेनॉल आणि एरंडेलावर चालणाऱ्या इंजिनाचा वास मात्र कपडे सोडत नाही (घरच्यांची खरी तक्रार तीच). अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३०च्या दशकात आठ फुटी पंखांचे ‘गफ’ हे विमान रेडिओवर उडवले, तेव्हापासूनचा हा छंद.

अडचण जागेची आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या क्षेत्राची (जेथे उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही) उंचीची मर्यादा २०० फूट, तर त्यापलीकडे ४०० फूट आहे. सोनेगावचा विमानतळ शहरालगतच असल्याने बरेचसे नागपूर या पट्ट्याच्याही आत, म्हणजे हिरव्या क्षेत्राबाहेर येते. त्यातच गेल्या संक्रांतीला नायलॉन मांजाने माझ्या विमानाचा डावा पंख फासळीपर्यंत चिरला. जिल्हा प्रशासनाने शहराबाहेरील एखादे पडीक मैदान रविवारी सकाळी तीन तास आम्हाला वापरू द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर