खेळ झाला, चर्चा राहिली

संपादक महोदय,

वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना खेळ, सिम्युलेशन (म्हणजे खऱ्या व्यवहाराची वर्गातली नक्कल), प्रकल्प अशा 'नावीन्यपूर्ण' मार्गांनी शिकवावं, असं सुचवणारे लेख हल्ली वारंवार वाचनात येतात. सूचना योग्यच आहे. पण हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये केस पद्धत, म्हणजे कंपन्यांच्या खऱ्या प्रसंगांवर वर्गात चर्चा, १९२०च्या दशकातच रुळली होती, आणि अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेतला 'बिअर गेम', म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंत बिअर पोचवण्याचा खेळ, १९६०च्या आसपासचा. पद्धती जुन्याच आहेत. आपण त्या अर्ध्याच उचलतो.

या बिअर गेममध्ये चौघे असतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. माल हाती यायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी आधी आठवड्याला ४ खोकी असते, पाचव्या आठवड्यात ८ होते आणि शेवटपर्यंत ८च राहते. एवढाच बदल! तरी किरकोळवाला घाबरून जास्त मागवतो, घाऊकवाला त्याच्यावर कडी करतो आणि कारखान्यापर्यंत जाता जाता राईचा पर्वत होतो. मग सगळा माल एकदम येऊन कोसळतो. चौघेही गिऱ्हाइकाच्या लहरीपणाला नाहीतर शेजाऱ्याला बोल लावतात. अशा वेळी मुलांना गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगा. बहुतेक जण लाटा काढतात. फळ्यावर खरा आलेख येतो, एक पायरी चढून सरळ गेलेली रेघ, आणि वर्ग गप्प होतो.

नेमका इथेच तास संपतो. फोटो निघतात, अहवालात 'उपक्रम यशस्वी' अशी नोंद होते. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. 'मजा आली, सर' असं सगळे म्हणाले. पुढच्या आठवड्यात साठा का तुंबला, हे मात्र एकालाही सांगता येईना. तेव्हापासून मी खेळाला एक आणि चर्चेला दोन तास राखून ठेवू लागलो. अभ्यासक्रम थोडा मागे पडला, पडू दिला.

गटकार्याची रडकथा वेगळीच: एक राबतो, बाकीचे नाव लावतात. ओक्लाहोमा विद्यापीठातले लॅरी मायकेलसन यांच्या वर्गात ४०ची मुलं १२० झाली, तेव्हा त्यांनी सत्तरच्या दशकात तोडगा काढला. वाचून यायचं, आधी एकट्याने छोटी चाचणी द्यायची, मग तीच चाचणी गटाने वाद घालून सोडवायची. दोन्हींचे गुण धरायचे, शिवाय सोबत्यांनीही एकमेकांना गुण द्यायचे. फुकट्यांची सोय उरत नाही. पण प्रश्न तयार करायला शिक्षकाला वेळ लागतो, आणि तासिकेवर नेमलेल्या शिक्षकाला त्या वेळेचं मानधन कोण देणार?

एवढं करूनही वर्षअखेरीच्या प्रश्नपत्रिकेत 'सिम्युलेशन पद्धतीचे फायदे लिहा' असाच प्रश्न आला, तर मुलं गाईड घेऊन बसणार. त्यांना आळशी कशाला म्हणायचं? गुण जिकडे, ती तिकडे. एखाद्या विद्यापीठाने निदान एका प्रश्नापुरता तरी हा प्रयोग करावा: पुस्तक उघडं ठेवू द्यावं, आठ आठवड्यांच्या ऑर्डर आणि शिल्लक मालाचे आकडे द्यावेत आणि विचारावं, नवव्या आठवड्यात किती खोकी मागवाल, आणि का?

— वाणिज्य शाखेचा एक निवृत्त प्राध्यापक