परतीचा पेनड्राइव्ह आधी

चि. ईशान,

अनेक आशीर्वाद.

अजून बाहेर न आलेली ऑपरेटिंग सिस्टीम घरी टाकून पाहायचा तुझा बेत आवडला. जरूर टाक. फक्त ज्या लॅपटॉपवर तुझा प्रकल्प आणि फोटो आहेत, त्याला हात लावू नकोस. जुना लॅपटॉप पडून आहे, तो घे. आणि नवी सिस्टीम चढवण्याआधी जुनी परत आणायची तयारी पुरी कर. चढवणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. माणूस अडतो तो उतरताना, म्हणून उतरण्याबद्दलच जास्त लिहिते आहे.

बीटा म्हणजे पक्क्या आवृत्तीआधी चाचणीला दिलेली आवृत्ती. पण ‘बीटा म्हणजे थोडी अडखळणारी सिस्टीम’ एवढाच समज ठेवू नकोस. जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ चा बीटा सगळ्यांसाठी खुला झाला. ज्या एमपीथ्री फाइलींच्या सुरुवातीला गाण्याच्या माहितीचा मोठा भाग जोडलेला होता, त्यांचे पहिले काही सेकंद तो बीटा कायमचे कापून टाकत होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, पण कापलेलं गाणं दुरुस्तीने परत येत नाही. त्याच्या काही महिने आधी, २००८ च्या सप्टेंबरात, लिनक्सच्या २.६.२७ कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) चाचणी-आवृत्त्यांमुळे इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांमधली कायमस्वरूपी मेमरीच बिघडू लागली आणि कार्ड चालेनासं झालं. सगळ्यांचा संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर. मूळ निघालं भलतीकडेच: कर्नलच्या कामाचा माग ठेवणारा एक भाग आधीच मोकळ्या केलेल्या मेमरीच्या पत्त्यावर लिहीत होता, आणि तो पत्ता तोवर त्या कार्डाच्या वाट्याला गेला होता. म्हणजे फाइल जाऊ शकते आणि क्वचित सुटा भागही जाऊ शकतो. दोन्ही गेलं तरी चालेल, असंच मशीन चाचणीला घ्यायचं.

आता बॅकअप. तो दोन तऱ्हांचा घे: फाइलींची साधी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि शिवाय अख्ख्या डिस्कची प्रतिमा. प्रतिमेसाठी क्लोनझिला फुकट आहे आणि भरवशाचं आहे. मॅक असेल तर टाइम मशीन पुरतं. प्रत झाली की ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लाव, वेगवेगळ्या फोल्डरांतल्या पाच-सहा फाइली उघड, एखादा मोठा व्हिडिओ शेवटाकडे सरकवून बघ. जो उघडून पाहिला नाही तो बॅकअप नाही. मग डिस्क काढून कपाटात ठेव. चाचणी चालू असताना ती लॅपटॉपला लावलेली नको.

‘माझं सगळं क्लाउडवर आहे’ हे इथे चालणार नाही. क्लाउडचं काम दोन्हीकडे सारखं ठेवण्याचं. कच्च्या सिस्टीमने फोल्डर रिकामा केला, तर क्लाउडही इमानाने तो रिकामा करतं, आणि तिथून तुझ्या चांगल्या लॅपटॉपवरही तो रिकामा होतो. म्हणून चाचणीच्या मशीनवर वेगळं खातं उघड आणि फाइलींचं सिंक बंद ठेव. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: नव्या सिस्टीममधलं फोटोंचं किंवा मेलचं अॅप आपला साठा पहिल्याच उघडण्यात नव्या रचनेत बदलून घेतं. नंतर तू जुन्या सिस्टीमवर आलास की जुनं अॅप तो साठा उघडायला नकार देतं. फाइली जागेवर असतात, पण तुझ्या हाती काही नाही.

विंडोज असेल तर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की आधी काढून ठेव. ती ४८ अंकी असते. आपण कधी एन्क्रिप्शन चालू केलेलं नाही, असं समजू नकोस. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देण्याची सोय, बदललं किंवा बूटची फाइल बदलली, की त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप ते उघडत नाही आणि पडद्यावर ती की मागितली जाते. त्याच लॅपटॉपवर जपून ठेवलेली की तेव्हा काय कामाची? कागदावर लिही, आणि अंक पुन्हा एकदा पडताळून बघ.

मग दोन पेनड्राइव्ह. पहिला परतीचा: आज चालू असलेल्या स्थिर सिस्टीमचा इन्स्टॉलर. त्यावरून लॅपटॉप खरंच बूट होतो का, हे आधी पाहून घे. दुसरा चाचणीच्या सिस्टीमचा. ८ जीबीचे बहुतेक वेळा पुरतात, आणि त्यांच्यावरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेव. आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरची नेटवरून उतरवलेली एकसंध फाइल, नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा फेडोरा मीडिया रायटरसारखं साधन वापर. हाताने कॉपी करायला गेलास, तर फॅट३२ पद्धतीने मांडलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. त्याआधी आयएसओचा एसएचए-२५६ (फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच जणू) काढून अधिकृत पानावर दिलेल्याशी ताडून बघ. ६४ अक्षरं आहेत, सगळी जुळली पाहिजेत. अर्धवट उतरलेल्या फाइलीने इन्स्टॉल मध्येच अडकतं, आणि मग लोक नसलेल्या बगची तक्रार लिहीत बसतात.

पहिली चव व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे चालू सिस्टीमच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या नकली संगणकावर घे. लॅपटॉपची मेमरी ८ जीबी असेल तर ४ तिला दे, त्याहून जास्त नको, नाहीतर दोन्ही सिस्टीमी डिस्कवर घासत बसतील. प्रोसेसरचे २ कोर दे. डिस्क विंडोज ११ साठी ६४ जीबी, उबुंटूसाठी (लिनक्सचाच एक प्रकार) २५ जीबी, आणि ती लागेल तशी वाढणारी ठेव. मशीन बनवताना सिस्टीमींच्या यादीत ६४-बिटचा पर्यायच दिसला नाही, तर बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक नव्या बिल्डआधी (चाचणीला येणाऱ्या नव्या आवृत्तीआधी) एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घे आणि बिल्ड नीट चाललं की जुना काढून टाक. साठवत गेलास तर मूळ डिस्क गुपचूप भरते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं; व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमच्या ७ व्या आवृत्तीपासून ते तिला देता येतं.

पण व्हर्च्युअल मशीनवर खरी परीक्षा होत नाही. तिथलं वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी सगळं नकली असतं, आणि कच्ची सिस्टीम नेमकी तिथेच कोसळते: झाकण मिटून उघडल्यावर, दुसरा पडदा जोडल्यावर, ब्लूटूथ हेडफोन तुटून परत जोडताना. त्यासाठी जुना लॅपटॉप हवाच. लिनक्स असेल तर इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच अर्धा तास चालवून बघ. वाय-फाय, आवाज, माइक, कॅमेरा, पडद्याचा उजेड, झोपणं आणि जागं होणं. वाय-फाय चाललंच नाही तर दुरुस्ती उतरवणार कशी? म्हणून नेटवर्कची केबल किंवा फोनचं यूएसबी टेदरिंग हाताशी ठेव.

एकाच डिस्कवर दोन सिस्टीमी ठेवायच्या भानगडीत यावेळी पडू नकोस. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘बंद’ केलेली विंडोज अर्धवट झोपलेली असते, त्यामुळे तिच्या ड्राइव्हवर लिनक्सला लिहिता येत नाही. घड्याळही दरवेळी काही तास सरकतं, कारण मदरबोर्डवरची वेळ एक सिस्टीम स्थानिक मानते आणि दुसरी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. वेगळी एसएसडी घालून टाकणार असशील, तर इन्स्टॉलच्या वेळी मुख्य डिस्क सोडवून ठेव. नाहीतर विंडोजचा इन्स्टॉलर बूटच्या फाइली जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींसाठी राखलेल्या भागात) नेऊन टाकतो, आणि नंतर एक डिस्क काढली की दुसरीही उठत नाही.

कुठलं चॅनेल घ्यायचं? विंडोज इन्सायडर या मायक्रोसॉफ्टच्या चाचणी-योजनेत कमी-जास्त कच्च्या बिल्डांच्या वेगवेगळ्या वाटा असतात, तीच चॅनेलं. त्यांची नावं आणि मांडणी अधूनमधून बदलते, तत्त्व बदलत नाही: जितकं कच्चं चॅनेल, तितकी परतीची वाट बंद. कॅनरी किंवा डेव्ह घेतलंस तर स्थिर विंडोजवर यायला सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. रिलीज प्रिव्ह्यूमधून सहज बाहेर पडता येतं. नव्या बिल्डनंतर मागे जायला विंडोज १० दिवस देते, तेही जुन्या विंडोजचा फोल्डर डिस्क-सफाईत उडवला नसशील तर. फेडोराचा (हाही लिनक्सचाच एक प्रकार) बीटा वेगळ्या स्वभावाचा: अपडेट घेत राहिलास तर तोच पुढे पक्की आवृत्ती होतो. तुला मी तोच सुचवेन. रॉहाइड, म्हणजे फेडोराचीच सतत बदलती चाचणी-आवृत्ती, मात्र सदा कच्चंच राहतं. त्यातल्या कर्नलमध्ये बरेचदा तपासणीची जादा यंत्रणा चालू असते आणि ती वेग खाते, म्हणून अशा बिल्डवर वेग मोजून मत बनवू नकोस. कुठल्याही नव्या सिस्टीमवर पहिले दोन दिवस पंखा फिरतो, बॅटरी लवकर उतरते; मागे फाइलींची सूची बनत असते.

आणि बग सापडला की लिही. हे करायचं नसेल तर महिनाभर थांबून पक्की आवृत्तीच घ्यावी. ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं अपडेट आठवत असेल तर बघ, आवृत्ती १८०९. डॉक्युमेंट्ससारखा फोल्डर ज्यांनी दुसऱ्या जागी वळवला होता, त्यांच्या जुन्या जागेतल्या फाइली त्या अपडेटने निकामी प्रती समजून पुसल्या. २ ऑक्टोबरला निघालेलं अपडेट चार दिवसांत थांबवावं लागलं, ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. वाईट याचं वाटतं की चाचणी करणाऱ्या काहींनी हे आधीच फीडबॅक हबवर (विंडोजमधल्या तक्रार नोंदवायच्या अॅपवर) लिहिलं होतं. त्यांना इतरांची मतं कमी पडली आणि त्या नोंदी ढिगात दबल्या. त्यानंतर नोंद करताना दोष किती गंभीर आहे ते सांगायची सोय आली. फाइल गेली असेल तर ते पहिल्याच ओळीत लिही.

‘वाय-फाय चालत नाही’ या वाक्यावर कुणीही काही करू शकत नाही. असं लिही: ‘बिल्ड अमुक. झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडलं की वाय-फायची यादी रिकामी येते. १० पैकी ७ वेळा झालं. एअरप्लेन मोड चालू-बंद केला की यादी परत येते. मागच्या बिल्डवर होत नव्हतं.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं, कारण मग दोन बिल्डांमध्ये जे बदललं तेवढंच शोधायचं उरतं. एका नोंदीत एकच बग. आधी शोधून बघ. तीच नोंद असेल तर नवी न करता तिच्यात तुझा लॅपटॉप आणि तुझे आकडे जोड. विंडोजमध्ये विंडोज आणि एफ एकत्र दाबलं की फीडबॅक हब उघडतं, मॅकवर फीडबॅक असिस्टंट आहे, लिनक्सवर जर्नलमधून (सिस्टीम स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवते तिथून) मागच्या बूटचा लॉग काढता येतो. लॉग उघड्यावर टाकण्याआधी वाच. त्यात तुझं नाव, घरच्या वाय-फायचं नाव आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक असू शकतो.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. चाचणी-बिल्डला मुदत असते. विंडोज ७ चा बीटा १ जुलै २००९ पासून दर दोन तासांनी बंद पडू लागला आणि १ ऑगस्टला संपला. विंडोजवर विनव्हर (आवृत्ती दाखवणारी छोटी खिडकी) उघडलंस की तुझ्या बिल्डची मुदत संपायची तारीख दिसेल. ती असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये टाक, पंधरा दिवस आधीची आठवण लावून.