चौघं गेल्यावर सुपाऱ्या कशा केल्या, ते सांगतो

फालून, स्वीडन
रविवार, जानेवारी

ती. आण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोन मधेच कट झाला आणि नंतर लागलाच नाही. आण्णा, तुमचा प्रश्न तसाच राहिला, "मग चौघं गेल्यावर घेतलेल्या सुपाऱ्यांचं काय केलं त्यांनी?" मला नंतर हसूच आलं. मी तुम्हाला अर्धा तास इथल्या सॅबटन नावाच्या मेटल बँडचे कपडे, स्टेजवरचा रणगाडा, एकदा त्यातले चौघं एकदम कसे सोडून गेले, काय काय सांगत होतो आणि तुम्ही नेमकं आधीच बुक झालेल्या कार्यक्रमांचंच धरून बसलात. बँडमास्तरला दुसरं काय सुचणार म्हणा. तर आज रविवार आहे, बाहेर उणे अठरा, कुठं जायचा प्रश्नच नाही, म्हणून सगळं नीट लिहितो. पिंट्याला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, मोबाईलवर वाचत बसू नका, आई परत माझ्यावरच ओरडणार.

आधी गाव सांगतो, नायतर बँड कळायचा नाही. फालून म्हणजे आपल्या कराडपेक्षा लहानच. तांब्याची खाण होती इथं, हजार वर्षं चाललेली, 1992 ला बंद पडली. सतराव्या शतकात युरोपचं निम्म्याहून जास्त तांबं एकट्या इथनं निघायचं. 1687 ला आतलं सगळं एकदम ढासळलं आणि एवढा मोठा खड्डा पडला की आज कठड्याला टेकून खाली बघितलं तरी पोटात गोळा येतो, पण मेलं कोणी नाही कारण त्या दिवशी मिडसमरच्या सणाची सुट्टी होती. स्वीडनमधली लाकडी घरं फोटोत लालभडक दिसतात ना, तो रंग ह्याच खाणीच्या मातीचा. तर असल्या गावात 1999 ला पाचसहा पोरांनी बँड काढला, सॅबटन. सॅबटन म्हणजे चिलखताचा पायातला भाग, लोखंडी बूटच समजा.

आता हे मेटल म्हणजे काय ते परत सांगतो कारण तुम्ही फोनवर "डीजेसारखं का?" म्हणालात. डीजेसारखं नाही. सगळं हातानं वाजवतात. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका काढलेला असतो, आणि ड्रमरच्या बास ड्रमला दोन पेडल, दोन्ही पायांनी वाजवतो, म्हणजे आपल्याकडं दोन माणसांना लागेल तेवढा घाम एकटा गाळतो. गाणारा मात्र किंचाळत वगैरे नाही, खर्जातला भरदार आवाज आहे, शब्द न शब्द कळतो.

गाणाऱ्याची गंमत ऐका. योआकिम ब्रुडेन नाव त्याचं, आई मूळची चेक, वडील स्वीडिश. हा बँडमधे कॅसिओ वाजवायला होता! गायला कोणी मिळेना म्हणून दुसरा मिळेपर्यंत तात्पुरता तू गा म्हणाले, ते तात्पुरतं आजपर्यंत चालू आहे, पंचवीस वर्षं झाली. तुमचं पण तसंच ना, क्लॅरोनेटवाले मामा लग्नाला गेले म्हणून एका वरातीपुरतं हातात घेतलं होतं तुम्ही. दुसरा महत्त्वाचा माणूस पेर सुंडस्ट्रॉम. बास गिटार वाजवतो पण खरं काम मॅनेजरचं, बुकिंग, हिशोब, कुठल्या देशात कधी जायचं, सगळं तोच बघत आलाय. म्हणजे एक वाजवणारं डोकं आणि एक वही धरणारं डोकं. तुम्ही दोन्ही एकटेच करता, म्हणून तर बीपी वाढतंय.

सुरुवात काही धड नव्हती. पहिली प्लेट 2002 ला रेकॉर्ड केली आणि कंपनीनं ती काढलीच नाही, नुसती पडून. ती बाहेर आली 2007 ला! मधे ह्यांनी वाट बघणं सोडलं, पैसे स्वतःच घातले आणि 2005 ला दुसरीच प्लेट आणली, प्रिमो व्हिक्टोरिया. आणि इथं त्यांना त्यांची चाल सापडली. आधीची गाणी म्हणजे तलवारी, राक्षस, मेटलवाल्यांचं नेहमीचं. ह्या प्लेटचं मुख्य गाणं दुसऱ्या महायुद्धातलं, 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या त्याच्यावर. त्यांच्या लक्षात आलं की खरा इतिहास गायला की गाण्यात जीव येतो. तेव्हापासून खऱ्या लढाया, खरी माणसं.

आण्णा, थोडक्यात पोवाडाच की हा. फक्त डफाच्या जागी दोन पेडलचा ड्रम आणि तुणतुण्याच्या जागी गिटार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शिवजयंतीला आपल्या चौकात शाहीर यायचे तेच आठवलं, हात वर करून आवाज लावला की अंगावर काटा यायचा, आणि जी जी रं जी ला सगळी गल्ली. इथं पण ध्रुपदाला पब्लिकच गातं, हा नुसता माईक पुढं धरतो.

2008 च्या प्लेटमधे पोलंडवरचं एक गाणं आहे, चाळीसास एक असं नाव. 1939 ला विझना म्हणून गावाजवळ सातशेवीस पोलिश सैनिकांनी जवळजवळ चाळीस हजार जर्मनांना तीन दिवस अडवून धरलं, कॅप्टन रागिनिस त्यांचा म्होरक्या, शेवटी त्यानं शरण न जाता स्वतःला संपवलं. पावनखिंडच की. आता स्वीडनच्या पोरांनी हे गायल्यावर पोलंडचे लोक असले खूश झाले की तिथं ह्यांना घरच्यासारखं मानतात. पुढं वॉर्साच्या उठावावर पण गाणं केलं. दुसऱ्याच्या गावचा वीर गायला की त्या गावचं पब्लिक आपलं होतं, हे तुम्हाला नवीन नाही, प्रत्येक वरातीत आधी नवऱ्यामुलाच्या गावदेवीचं गाणं तुम्हीच लावता.

आता तुमचा प्रश्न.

2012 चा मार्च. कारोलुस रेक्स नावाची मोठी प्लेट तयार, मे मधे यायची, दौरे बुक झालेले. आणि सहातले चौघं बाहेर. दोन्ही गिटारवाले, ड्रमर, आणि कॅसिओवाला. राहिले कोण, तर गाणारा आणि वहीवाला. भांडण म्हणावं असं काही फार नव्हतं, कारण साधं होतं, सतत फिरती. वर्षातले कितीतरी दिवस बसमधे, आणि आता पोरंबाळं, घर, नोकरी, त्यांना एवढं नको होतं आणि ह्या दोघांना अजून जास्त पाहिजे होतं. आणि त्या चौघांनी काय केलं ओळखा? स्वतःचा बँड काढला! सिव्हिल वॉर नाव ठेवलं, तीच युद्धाची गाणी. वाचून मला आपलेच आठवले, ते चौघं गेले आणि आपलंच नाव घेऊन पुढं न्यू लावून बोर्ड रंगवला, आणि ड्रेस पण आपलाच रंग. आई अजून त्या बोर्डाकडं बघत नाही ना रस्त्यानं जाताना?

तर सुपाऱ्या कशा केल्या. एकही न सोडता. दोन नवीन गिटारवाले घेतले, क्रिस रोरलँड आणि थोब्बे एंग्लुंड. कॅसिओवाला घेतलाच नाही! त्याचा भाग आधी रेकॉर्ड करून ठेवायचा आणि कार्यक्रमात मागनं वाजवायचा. (तुम्ही म्हणाल ही लबाडी. मला पण थोडं तसंच वाटतं खरं सांगू तर. एवढा पैसा आहे, ठेवा की एक माणूस.) ड्रमवर एक जण घेतला तर तो बाप होणार म्हणून रजेवर गेला, इथं बाप पण बाळासाठी रजा घेतो, आई, मी खोटं सांगत नाही, मग त्याच्या जागी तिसराच बदली आला, आणि पुढच्या वर्षी हानेस फान डाल म्हणून पोरगा आला तो टिकला. आणि ही अशी नवी जोडजाड घेऊन त्याच वर्षी ऑगस्टमधे, म्हणजे चारपाच महिन्यांत, पोलंडला वुडस्टॉक नावाच्या गाण्याबजावण्याच्या जत्रेत लाखांनी जमलेल्या पब्लिकसमोर उभे राहिले. त्याचा व्हिडीओ आहे, पिंट्याला लावून द्यायला सांगा. नवीन गिटारवाल्यांकडं बघा, एकदा पण दुसऱ्याच्या हाताकडं बघत नाहीत. तालीम किती झाली असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि ती प्लेट? स्वीडनच्या राजांवरची आहे, इंग्लिशमधे एक आणि स्वीडिशमधे एक अशी दोन्ही भाषांत केली, इथनं तासाभरावर लुडविका आहे त्याच्या बाजूच्या खेड्यातल्या स्टुडिओत. भरपूर खपल्याबद्दल प्लॅटिनमचा मान मिळतो, तो हिला चारपट मिळाला इथं. अर्धा बँड गेला त्या वर्षीची प्लेट ही!

त्यातला बाराव्या कार्लचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंधराव्या वर्षी गादीवर आला, अख्खं आयुष्य घोड्यावर, 1709 ला पोल्टावाला, म्हणजे आताच्या युक्रेनमधे, रशियाकडनं मोड झाला, मग कितीतरी वर्षं तुर्कांच्या मुलखात अडकून पडला, परत आला आणि 1718 ला नॉर्वेच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला असताना रात्री खंदकातून डोकं वर काढलं आणि गोळी आरपार. ती गोळी शत्रूची का आपल्याच माणसाची ह्यावर लोक इथं अजून भांडतात. हिशोब केला तर त्या वेळी आपल्याकडं साताऱ्याला शाहू महाराज आणि बाळाजी विश्वनाथ. शाळेत असली सांगड कोणी घालून दिली नाही, मला बँडमुळं सुचली.

मी त्यांना स्टॉकहोमला बघितलं. स्टेजवर खराखुरा वाटणारा रणगाडा आणि त्याच्यावर बसून ड्रमर वाजवतोय. योआकिमच्या अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याच्यावर छातीभर लोखंडी पट्ट्या शिवलेल्या, डोळ्यावर आरशासारखा काळा चष्मा, खाली सैनिकांची ठिपक्याठिपक्यांची पँट. तुम्ही खांद्यावरच्या झालरीवर एवढे पैसे का घालवता म्हणून मी भांडायचो, आता नाही भांडणार. माझ्या शेजारी साठीचे एक आजोबा आणि त्यांचा सातआठ वर्षांचा नातू. पोराच्या कानाला आवाज बंद करायची मोठी निळी टोपणं. आजोबांना निम्मे शब्द येत नव्हते, पोराला सगळे पाठ, आणि राजाचं नाव आलं की दोघं एकदमच मुठी वर करायचे. मधेच पब्लिक आरडाओरडा करून गाणाऱ्याला बिअर प्यायला लावतं, ती त्यांची रीतच झालीये. आपल्याकडं वरातीत प्यायलेलं कोण असतं ते मी आईसमोर लिहीत नाही.

सगळंच चांगलं म्हणत नाही मी. गाणी बरीचशी एका साच्यातली, चार ऐकली की पाचवं कुठं वळणार ते कळतं. आणि जर्मन रणगाड्यांच्या तुकडीवरचं एक जोरदार गाणं आहे, ते म्हणतात आम्ही बाजू घेत नाही, फक्त गोष्ट सांगतो, पण त्यावर नाचताना माझे पाय जरा अडखळले. माझ्या वर्गातला एक पोलिश मुलगा म्हणतो की मग ते विझनाचं गाणं पण त्यांनीच केलंय ना. असेल. मला अजून नीट ठरवता येत नाही.

अजून एक सुपारीची गोष्ट, खास तुमच्यासाठी. 2019 ला फ्रान्समधे हेलफेस्ट म्हणून मोठी जत्रा, तिथला मुख्य बँड ऐनवेळी वाजवणार नाही असं झालं. ह्यांना विचारलं, हे हो म्हणाले. आणि गाणाऱ्याचा घसा बसलेला! मग दोन्ही गिटारवाल्यांनी वाटून घेऊन गायलं. तुमचा घसा बसला तेव्हा पेठेतल्या वरातीत मी आणि पिंट्यानं माईक घेतला होता, लोकांनी नाणी फेकली होती का दगड ते अजून नक्की नाही.

थोब्बेचं पण सांगायचं राहिलं. 2012 ला आलेला तो 2016 ला फिरतीला कंटाळून निघून गेला, त्याच्या जागी टॉमी योहान्सन. 2024 ला टॉमी गेला तर जागेवर परत कोण, थोब्बेच! ना रुसवा ना फुगवा. 2025 ला नवीन प्लेट आली लेजंड्स, सीझर, हॅनिबल, जोन ऑफ आर्क, जपानचा मुसाशी, नेपोलियन, सगळे आहेत. शिवाजी महाराज नाहीत. मी त्यांना मेल टाकलाय, प्रतापगडाची गोष्ट इंग्लिशमधे दोन पानं लिहून. उत्तर नाही अजून.

आता कामाचं. इथल्या वाद्यांच्या दुकानात क्लॅरोनेटच्या पत्त्या, म्हणजे रीड, मिळतात चांगल्या, दहाचा डबा. नंबर मात्र तुमचा मला आठवत नाही, दोन का अडीच? मागच्या वेळी कोल्हापूरहून आणल्या होत्या त्या डब्यावर बघून पिंट्याला मेसेज करायला सांगा. माझा एक मित्र फेब्रुवारीत पुण्याला येतोय, त्याच्याकडं देतो, म्हणजे लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या आत पोचतील. आणि आपल्या त्या गेलेल्या चौघांतला साईड ड्रमवाला परवा घरी येऊन चहा पिऊन गेला असं आई म्हणाली. काय म्हणत होता तो, ते तुम्ही फोनवर सांगितलंच नाहीत.

तुमचा,
बाळू