कान तुटलेला कुत्रा

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे प्रदर्शन पाहून आल्याला आज चार दिवस झाले. उद्घाटनाच्या गर्दीत मनासारखे बोलता आले नाही आणि फोनवर हे सारे नीट सांगता आले नसते, म्हणून लिहायला बसले.

दालनात पाऊल टाकताना माझ्या मनात धास्ती होती. आपल्या शोकेसमधल्या चिनी मातीच्या वस्तूंवर, म्हणजे टोपलीतल्या मांजरांवर, सोनेरी काठाच्या बदकांवर आणि त्या कुत्र्यांच्या जोडीवर तू काम करते आहेस असे कळल्यापासून मला वाटत होते की त्यांची थट्टा होणार, आणि ज्यांनी त्या हौसेने मांडल्या, पुसल्या, जपल्या त्यांचीही त्यात होणार. अशा वस्तूंना ‘किच’, म्हणजे भडक, हलक्या अभिरुचीची कला, म्हणतात, आणि हा शब्द हिणवण्यासाठीच वापरला जात आला आहे. १९३९ साली क्लेमेंट ग्रीनबर्ग या अमेरिकी समीक्षकाने आपल्या गाजलेल्या लेखात किचला अस्सल कलेच्या थेट विरुद्ध बाजूला बसवले, आणि घराघरांतल्या अशा वस्तूंकडे पाहण्याची जाणकारांची नजर त्यानंतर बराच काळ तशीच राहिली.

तुझ्या त्या आठ कुत्र्यांच्या रांगेपुढे मात्र मी बराच वेळ उभी राहिले. पहिला आपला जुना, २० सेंटिमीटर उंचीचा. त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, साच्यात पातळ माती ओतायची, प्लास्टरने पाणी शोषून कडेला थर धरला की उरलेली माती ओतून टाकायची, आणि वाळून भाजून निघालेल्या प्रतीवरूनच पुढचा साचा करायचा. माती वाळताना आणि भट्टीत आक्रसते, हे तू मला पूर्वी सांगितले होतेस. पण दर वेळी सुमारे १२ टक्के आक्रसत गेलेली सातवी प्रत जेमतेम ८ सेंटिमीटरची उरते आणि तिचे डोळे, केसांच्या बटा, गळ्यातली साखळी सारे पुसट होत जाते, हे डोळ्यांनी पाहिले तेव्हा घशात आवंढा आला. आठवणींचेही असेच होते. तू सात वर्षांची असताना त्या कुत्र्याचा कान तुटला, मी तो चिकटवला आणि ती बाजू भिंतीकडे केली. चिकटवल्याची ती वेडीवाकडी रेघ तू घासून काढली नाहीस. तिसऱ्या प्रतीपर्यंत ती बोटाला लागते, पुढे नाहीशी होते. (हात लावू नये अशी पाटी होती, तरी मी लावला.)

दुसरे मला आवडले ते पाठींचे कपाट. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या भट्ट्यांतून शेकोटीवरच्या फळीसाठी अशा मूर्ती निघत. मागची बाजू भिंतीलाच लागणार म्हणून अनेकींची पाठ सपाट आणि बिनरंगाची सोडलेली असे. तू सगळ्या मूर्ती पाठमोऱ्या मांडल्यास, आणि पाहणाऱ्याला प्रथमच साच्याची शिवण, झिलईचा ओघळ आणि कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा दिसला. ज्यांना आपण कारखान्याचा माल म्हणतो त्यांनाही माणसांचे हात लागलेले असतात.

आता एक गोष्ट खटकली तीही लिहिते. मधोमध ठेवलेली पुरुषभर उंचीची सोनेरी फुलदाणी मला उसनी वाटली. १९८८ साली अमेरिकी कलाकार जेफ कून्स यांनी मायकेल जॅक्सन आणि त्याचा चिंपांझी यांची सोनेरी, चिनी मातीची मोठी मूर्ती केली, तेव्हाच लहान शोभेची वस्तू भव्य करण्याची ती वाट मळून गेली. तुझा पिंड वेगळा आहे. तो मला मातीत काम करणाऱ्या अमेरिकी शिल्पकार व्हायोला फ्राय यांच्या जवळचा वाटतो. जुन्या बाजारातल्या मूर्ती गोळा करून, त्यांचे साचे घेऊन त्या नवी शिल्पे रचत, आणि त्या वस्तूंविषयीची त्यांची ओढ त्या शिल्पांत दिसते. पुढच्या वेळी ती फुलदाणी नसली तरी दालन रिकामे वाटणार नाही. पाठींच्या कपाटाला हवी तेवढी मोकळी जागा मात्र मिळेल.

प्रदर्शन संपले की मूळ कुत्रा परत पाठव. कानाभोवती आधी मऊ कापड गुंडाळ, मग खोक्यात ठेव. त्याचा जोडीदार शोकेसमध्ये एकटाच आहे आणि शेजारची जागा मी अजून कुणाला दिलेली नाही. या वेळी त्याचा कान काचेकडे करून ठेवणार आहे.

तुझी,
आई