बाबांचं नाक आणि माझे गाल

भांडुप, मुंबई
रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलायला दोनदा सुरुवात केली. पण बाबा, तुम्ही लगेच फोन आईकडे देता, आणि आई "जेवलीस का"च्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून लिहिते आहे. आई, चष्मा लावून तूच मोठ्याने वाचून दाखव, आणि बाबांना मध्येच गोठ्याकडे उठून जाऊ देऊ नकोस.

माझे गाल तीन वर्षं जळतायत हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दोघं त्याला अंगातली उष्णता म्हणता. आईने सब्जा पाठवला, गुलकंद पाठवला, मी सगळं घेतलं. सकाळी लोकलमध्ये दाराशी वारा लागतो तोवर बरं असतं. घाटकोपरला लेडीज डबा भरला की गालांत कुणी निखारा फुंकत बसलंय असं होतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, गाल नुसते तांबूस-काळसर होतात. त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. पुढे नाकाच्या दोन्ही बाजूंना पुटकुळ्या यायला लागल्या.

पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून एक मलम आणलं. चार दिवसांत चेहरा इतका स्वच्छ झाला की मी तुम्हाला व्हिडिओ कॉल केला होता. "किती उजळलीस गं," असं आई म्हणाली होती. त्या मलमात स्टेरॉइड होतं. बंद केलं की दुप्पट आग, म्हणून पुन्हा लावायचं, असे चौदा महिने गेले. कातडी पातळ झाली, गालांवर बारीक शिरा दिसायला लागल्या. 2018 साली सरकारने अशा 14 औषधांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. हे एवढं लिहिण्याचं कारण, दिवाळीत देव्हाऱ्याखालच्या फळीवर मला तसलीच एक ट्यूब दिसली. आई, ती तू बाबांच्या नाकाला लावतेस ना? तुझ्या मनाने एकदम थांबवू नकोस, कारण सोडताना चेहरा आधी उसळतो. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू सोडवू. पण संपली की नवी मात्र आणू नकोस, हात जोडून सांगते.

शेवटी परळला एका रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत गेले. डॉक्टरबाईंनी भिंग धरून गाल पाहिले, ब्लॅकहेड शोधले. एकही सापडला नाही. पिंपल्स असते तर ते असते, म्हणाल्या. या आजाराचं नाव रोझेशिया. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या ऊन, उकाडा, तिखट, ताण अशा कशानेही फुलतात, आणि फुलत राहिल्या की एक दिवस तशाच राहतात. त्यावर सूज येते. बहुतेकांना तिशीनंतर सुरू होतो, काही घरांत एकाहून जास्त माणसांना असतो. समूळ जात नाही, पण ताब्यात राहतो. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला आहे?" मी नाही म्हणाले.

परतीची गाडी दादरला थांबली, आणि बाबा, मला तुमचं नाक आठवलं.

मी सातवीत असताना शेठनी तुम्हाला काउंटरवरून उठवून गोडाऊनला बसवलं. त्या दुकानात बस्ता बांधायला आलेल्या बायका "मास्तरांकडूनच शालू बघायचेत" म्हणून थांबायच्या, असं आई सांगायची. पुढे नाक वाढलं, लाल झालं, खडबडीत झालं, आणि डोळेही सदा लाल. मग त्याच बायका कुजबुजायला लागल्या. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, एक एकादशी कधी मोडली नाही, चाळीत कुणाकडे बाटली निघाली तर तुम्ही उठून घरी यायचात. तरी लोक नाकाकडे बघून म्हणायचे, घेतात वाटतं.

आणि लोकांचं कशाला सांगू. माझ्या दहावीच्या बक्षीस समारंभाच्या आदल्या रात्री मी आईला म्हणाले होते, बाबांना सुट्टी मिळत नसेल तर राहू दे. तुम्ही पडद्यापलीकडेच होतात. सकाळी म्हणालात, "आज माल मोजायचाय." माल मोजायचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. बक्षिसाचा डबा तुम्ही रात्री पुसून फळीवर मांडलात. बाबा, मी तुमची माफी मागते. सत्तावीस वर्षं मनात होतं, आज लिहिलं.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण वर्णन तसंच आहे. हा आजार कधी कधी नाकात उतरतो, आणि तेही जास्त करून पुरुषांच्या. नाकावरच्या तेलग्रंथी वाढतात, कातडी जाड होत जाते, छिद्रं मोठी दिसतात. दारूने तो होत नाही. ज्याला तो आहे त्याचा चेहरा प्यायल्यावर लाल होऊ शकतो, जसा तो उन्हाने होतो, गरम चहाने होतो. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसालाही हा होतो. हे वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

वाढलेलं नाक मलमाने लहान होत नाही. पण लेझरने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने जादाची कातडी तासून काढता येते, आणि खाली राहिलेल्या ग्रंथींतून नवी कातडी भरून येते. या वयात कशाला, असं तुम्ही म्हणाल. करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, मी आग्रह करणार नाही. एकदा दाखवायचं मात्र नक्की, कारण अशा जाड कातडीत क्वचित दुसरं काही वाढत असेल तर ते नुसतं बघून ओळखू येत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात, वर्षातून तीन-चारदा रांजणवाडी होते. आपण हे सगळं वयावर आणि गोडाऊनच्या धुळीवर ढकललं. रोझेशिया डोळ्यांतही असतो, आणि दुर्लक्ष केलं तर बुबुळापर्यंत जातो. मलाही थोडा आहे. रोज रात्री स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच मिनिटं ठेवते. गाल गार ठेवायचे आणि पापण्या शेकायच्या, उलटं वाटतं, पण पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींत थिजलेलं तेल त्याने सुटतं. आई, हे आजपासून सुरू कर. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघ.

माझं औषध विचारशील म्हणून लिहिते. रात्री आयव्हरमेक्टिनचं क्रीम, आणि सुरुवातीला काही आठवडे डॉक्सिसायक्लिनची कमी ताकदीची गोळी. फरक पडायला दोन-अडीच महिने गेले, मध्ये एकदा निराश होऊन सोडणार होते. बाबांना हेच देतील असं नाही, त्यामुळे माझ्या चिठ्ठीवर काही आणू नका. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावते, ढगाळ दिवशीसुद्धा. चेहरा साध्या, बिनवासाच्या साबणाने धुते. हळद-बेसन, लिंबू, मुलतानी माती सगळं बंद. आई, रागावू नकोस. तुझ्या हातचं उटणं अंगाला लावेन, चेहऱ्याला नाही.

खाण्याचं मी कालनिर्णयच्या चौकोनांत लिहीत गेले, जिथे तू दुधाचा हिशोब लिहायचीस तिथे. काय खाल्लं, कुठे उन्हात गेले, किती जळलं. तीन महिन्यांत कळलं की मला टोमॅटोने काही होत नाही, वांग्याने नाही, चहानेही नाही. कढत चहाने होतं. तोच चहा दहा मिनिटांनी घेतला तर चालतो. ठेचा मात्र सुटला. आपण कढत चहाने तोंड भाजलं म्हणतो आणि मिरचीनेही भाजलंच म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. चटका ओळखणारी शरीरातली जी यंत्रणा आहे तीच मिरचीने जागी होते. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली नोबेल मिळालं. प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे बाबांचा ठेचा लगेच काढून घेऊ नकोस. आधी महिनाभर लिहून ठेव.

उकडीचे मोदक यंदा मी वळले, पण चाळण उघडायला शेजारच्या वहिनींना बोलावलं. वाफ तोंडावर आली की पुढचे दोन दिवस जातात. तव्यापुढे उभी राहते तेव्हा टेबलावरचा पंखा बाजूने लावते. एवढं सांभाळलं की बरेच दिवस चांगले जातात. परवा तर कुर्ल्यापर्यंत दाटीत उभी होते आणि गालांची आठवणही झाली नाही.

बाबा, आता एक काम आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की फोटो असेल तर दाखव, म्हणजे कुणाकुणाला दाखवायचं ते आधी ठरवता येईल. मी फोन उघडून त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं शोधत होते. वारीतले, माझ्या लग्नातले, फलटणला पालखी आली तेव्हाचे. एकाही फोटोत तुमचं नाक दिसत नाही. कुठे मान वळवलेली, कुठे आईच्या मागे, कुठे उपरणं तोंडावर. मला हे आजवर कधी दिसलं नव्हतं.

शेजारच्या मुलाला बोलवा. सकाळी अंगणात, सावलीत पण उजेडात बसा. एक समोरून आणि दोन्ही बाजूंनी एकेक काढायला सांगा. उपरणं खुंटीला ठेवा. मी पुढच्या शनिवारी तुम्हाला न्यायला येते, मंगळवारची ओपीडी आहे.

तुमची,
सुमा