पैसा दिल्लीचा चालेल, कारभार इथला हवा

संपादक महोदय, सर्वांसाठीची आरोग्य योजना कोणी चालवावी यावरचा परवाच्या अंकातला लेख वाचला, पण सगळं नियंत्रण केंद्राकडे द्या हे काही पटलं नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि हॉस्पिटलं राज्यांच्या यादीत आहेत आणि मुंबईत तर केईएम, सायन, नायर ही महापालिकाच चालवते, मग निर्णय दिल्लीत कशाला?

२०१८ पासूनच्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, चांगलंच आहे, पण ते अॅडमिट झाल्यावर. ओपीडीचं काय? माझी आई डायबेटिसची पेशंट, महिन्यातून एकदा सकाळी सहाला केसपेपरच्या लाइनीत उभी राहते, दोन तासांनी नंबर लागतो, डॉक्टर नीट तपासतात आणि मग हातात चिठ्ठी येते, दोन गोळ्या आत नाहीत, बाहेरून घ्या. त्या मेडिकलच्या बिलाला कुठलंच कार्ड चालत नाही हो. शुगर वर्षानुवर्षं अशीच अर्धवट सांभाळली तर उद्या किडनीचं दुखणं मागे लागेल आणि तेव्हा कुठे कार्ड उपयोगी पडेल!

कुठल्या खिडकीवर कुठली गोळी संपली हे वॉर्डातल्या माणसालाच आधी कळतं, म्हणून केंद्राने पैसा द्यावा, हिशेबही कडक मागावा, पण औषधखरेदी, दवाखान्यांच्या वेळा, स्टाफ हे सगळं राज्य आणि पालिकेकडेच राहू द्या आणि ओपीडीची औषधं योजनेत आणा, आधी ती.

— एक वाचक, दादर, मुंबई